फाटकाचे डोळे

मंगरूळपीरला आम्ही घर बांधलं तेव्हा नवऱ्याने हौसेने रिमोटवर सरकणारं फाटक बसवून घेतलं. दोन्ही खांबांवर, गुडघ्याच्या उंचीला, काडेपेटीएवढ्या दोन काळ्या डब्या होत्या. वायरमन त्यांना डोळे म्हणायचा. एकातून निघालेला न दिसणारा किरण दुसऱ्यात पोचतो. मध्ये माणूस किंवा जनावर आलं की बंद होणारं फाटक थांबतं आणि परत उघडतं. उन्हाळाभर ते नीट चाललं.

पावसाळ्यात झड लागली. रस्त्याचा चिखल उडून डब्यांच्या काचांवर बसायचा आणि फाटक अर्ध्यावर येऊन मागे जायचं. मध्ये कोणीच नसायचं. बाहेरगावच्या शाळेत मी स्कूटीने शिकवायला जायची. रेनकोट घालून, रस्त्यावर उभी राहून मी चारदा बटण दाबायची आणि फाटक चारदा परत फिरायचं.

शेवटी वायरमनला बोलावलं.

"मॅडम, डबीत पानी गेलं. जोड सडला. नवीन डोळे अकोल्यावरून येतीन, आठ दिवस लागतीन. तवरोक हातानं लोटा."

"मोटर असून हातानं कायले लोटू? डोळ्यांबिगर नाही चालत का हे?"

त्याने डबीचं झाकण लावलं. "चालते. आत तार जोडली का फाटकाले वाटते रस्ता मोकळाच हाये. पन मंग मधात कोनी आलं त थांबनार नाही."

"कोन येते मधात? तुमी जोडा."

रुळात चिखल अडकतो म्हणून मोटरचा जोरही मीच वाढवायला लावला. फाटक मुकाट बंद होऊ लागलं. घरात मी हे बोलले नाही; सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. नवीन डोळ्यांचं मी विचारलं नाही.

त्या सकाळी मुसळधार पाऊस होता. मी स्कूटी बाहेर काढली, मान न वळवता हात मागे करून बटण दाबलं आणि निघाले. मागून हाक आली. अर्धीच, मध्येच तुटलेली. हेल्मेटवर पाऊस वाजत होता, तरी मी ती ऐकली. मला उशीर झाला होता. मी गाडी थांबवली नाही.

शाळेत पोचले तर नवऱ्याचा फोन. मामाजी, म्हणजे माझे सासरे, विहारात जायला निघाले होते आणि फाटकात सापडले. शेजारणीच्या ओरडण्याने नवरा धावत आला, मोटर बंद करून त्याने फाटक मागे ओढलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, मनगट मोडलं होतं.

नवऱ्याने वायरमनला दारात उभं करून वाट्टेल तसं झापलं. मी तिथेच होते. वायरमनने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पान्यानं खराब झाले असतीन, साहेब." मग त्याने खाली बसून ती तार काढली, खिशात टाकली आणि नवीन डोळे बसवले.

पंधरा दिवसांनी, दुपारी मामाजींना औषध देताना मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. तार, मोटरचा जोर, सगळं. ते छताकडे पाहत ऐकत राहिले.

"मी तुले हाक मारली होती," ते म्हणाले. "आयकू आली का तुले?"

"नाही, मामाजी."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

ते बरे झाले, हिंडूफिरू लागले. पुढे दोन वर्षांनी वयानं गेले. मला त्यांनी कधी शब्दानं दुखवलं नाही. माझं ते 'नाही' त्यांना खरं वाटलं की नाही, हे मला कळलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही. पाऊस जोरात लागला की वर्गात शिकवताना मी मध्येच थांबते. पोरं म्हणतात, "मॅडम, कोनी नाही बाहेर."

फाटकाच्या डोळ्यांची निगा आता मीच राखते. वर पत्र्याची छोटी टोपी लावून घेतली आहे, म्हणजे थेंब काचेवर येत नाहीत. वायर शिरते तिथलं भोक सिलिकॉनने बुजवलं, पण डबीच्या बुडाचं बारीक छिद्र मोकळं ठेवलं; आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. सकाळी कोरड्या मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसते, मुंग्या आणि कोळ्याची जाळी झाडते, रुळातला चिखल खरवडते. मग फाटक बंद होताना डोळ्यांसमोर छत्री धरते. ते थांबून मागे गेलं, तरच स्कूटी काढते.

बाहेर आल्यावर फाटक पूर्ण लागेपर्यंत मी तिथेच भिजत उभी राहते. शाळेत उशीर होतो. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, काहून? मी पावसाचं कारण सांगते.