रिकामा खिळा

बाकीच्यांची ताटं उठायच्या आधी माझी वहिनी इंदूबाई जेवायला बसली, असं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. चुलीपाशी भुईवर बसायची, भाकरी हातावर घ्यायची, आणि कुणी वर येऊन बस म्हटलं की ‘मले इथंच बरं लागते’ म्हणून उडवून लावायची. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. नखं कापण्यापासून पेरणीपर्यंत कशाला कोणता वार चालतो, हे सगळं तिला पाठ. मी तिची धाकटी नणंद, आर्णीत शिवणकाम करते, आणि नणंद म्हटल्यावर जीभ असायचीच. “वहिनी, तुह्यं ऐकलं तं माणसानं श्वासही मुहूर्त पाहून घ्यावा,” असं मी तिला चिडवायची. ती हसायची, पण वार काही सोडायची नाही.

आमचं गाव आर्णीहून जरा आत आहे. माझा मोठा भाऊ नानाजी आणि वहिनी तिथेच कपाशी-तुरीच्या वावरात म्हातारे झाले. त्यांच्या मुलाचं, अंकुरचं, आर्णीत बियाण्याचं दुकान आहे. त्याने गावाच्या कडेला स्लॅबचं नवं घर बांधलं आणि स्वयंपाकघराला लागून जेवणाची वेगळी खोली काढली. टेबल-खुर्च्या आल्या. सून वैष्णवी शाळेत शिकवते, मनाने फार चांगली, पण रिकामी भिंत तिला बघवत नाही. जेवणाच्या खोलीत एखादं तरी मोठं चित्र पाहिजे, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं.

मोबाइलवर चित्रं पाहायचा सोहळा झाला, त्याला मीही हजर होते. पळणारे सात घोडे निघाले. नानाजी म्हणाला, “घरात घोडे आनता, मंग माह्या बैलाईनं कुठं जाव?” द्राक्षं आणि सफरचंदांची टोपली निघाली, तर वहिनी म्हणाली की रोज खोटी फळं पाहून खऱ्याची चव जाईल. धबधब्यावर अंकुरच अडला, पाण्यासारखं घरातलं सगळं वाहून जातं म्हणे. शेवटी वैष्णवीने तिनेच काढलेला एक फोटो दाखवला. कपाशीच्या वेचणीत उभा असलेला नानाजी, पांढरे खुंट वाढलेली दाढी, डोक्याला रुमाल, डोळे थेट समोर. खरं सांगते, तसा देखणा माझा भाऊ मी कधी पाहिला नव्हता. तिने तो यवतमाळहून कॅनव्हासवर मोठा करून आणला. काळापांढरा, दारभर उंच.

आता लावायचा कुठे? पूर्वेला खिडकी, पश्चिमेला फ्रिज आणि हात धुवायचं बेसिन, उत्तरेला स्वयंपाकघराचं दार. उरली दक्षिणेची भिंत.

“तिकडं नोको,” वहिनी म्हणाली. जुन्या घरात त्या बाजूला आमचे आई-बाबा होते, चंदनाची माळ घातलेले. आमच्याकडे गेलेल्या माणसालाच दक्षिणेला टांगतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

“आई, हा तसला फोटो नाही. हे चित्र आहे,” वैष्णवीने समजावलं.

“चित्र अशीन. मानूस तं माह्यंच हाय ना?”

अंकुरने तोवर स्टीलचा खिळा ठोकलाही होता. मग वैष्णवी लांब उभी राहून म्हणाली की चित्र टेबलाच्या मधोमध येत नाही, खिडकीकडे सरकलंय. त्याने मधोमध दुसरा ठोकला आणि नानाजी त्यावर चढला. पहिला खिळा काढायला गेलं तर प्लास्टर उखडायला लागलं. रंग देताना पाहू, असं म्हणून तो तसाच ठेवला.

“रिकामा खिळा ठेवू नये रे,” वहिनी म्हणाली, “तो मानूस मांगते.” कुणी लक्ष दिलं नाही. मीही हसले.

टेबलावर बसायची सक्ती झाल्यावर वहिनीच्या वाट्याला स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची आली, म्हणजे तोंड दक्षिणेला. दक्षिणेकडे तोंड करून ती आयुष्यात जेवली नव्हती. ती खुर्ची तिरपी करून बसायची, तरी मान वर केली की समोर दोन नवरे. एक खाली वरणभात कालवणारा, एक त्याच्या डोक्यावर टांगलेला. मला ते पाहून कसंतरीच व्हायचं, आणि आपल्याला तसं होतंय याचा रागही यायचा.

वास्तूच्या जेवणाला वैष्णवीच्या आजोळचे उकंडामामा महागावहून आले. लग्नात ते आजारी होते, त्यामुळे नानाजीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. नानाजी बाहेर मांडवात बुंदी वाढत होता. मामा जेवणाच्या खोलीत आले, चित्रासमोर थांबले, टोपी काढली आणि हात जोडले. “चेहऱ्यावरूनच दिसते, देवमानूस व्हता,” म्हणाले. “कधी वारले?”

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नानाजीला बोलावून आणलं, तर तो सगळ्यात जास्त हसला. “चाला, जिवंतपनीच पाया पडून घेतलं!” मामा बिचारे कान धरत होते. वहिनीच्या हातात पुऱ्यांची परात होती. ती तशीच मागे वळली आणि आत गेली. त्या पंगतीत नंतर तिने कुणालाही वाढलं नाही.

त्यानंतर ती रोज मागे लागली, काढा म्हणून. अंकुर म्हणायचा, आई, तू काहीही मनात आणतेस. आणि नानाजीला तर ते चित्र भलतंच आवडलेलं. “मी एवढा चांगला कदी दिसलो? राहू द्या मले तिथं.” त्याला राहू द्यायला सगळे तयार होते.

दसऱ्याला मी माहेरी गेले होते. वैष्णवीने सकाळपासून झेंडूचे हार ओवले होते. दाराला, ट्रॅक्टरला, मोटरसायकलला, फ्रिजला, माझ्या आईच्या जुन्या शिलाई मशीनलासुद्धा हार घातले. एक उरला. एवढं सगळं सजलं आणि बाबाच कोरडे राहिले, असं तिला वाटलं असणार. तिच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आम्ही जेवायला बसलो तेव्हा नानाजीच्या डोक्यावर, त्याच्याच तसबिरीला, पिवळाधमक हार लटकत होता.

वहिनीने भाताचं पातेलं खाली ठेवलं. ओरडली नाही. खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि हार असा उपटला की फुलं ताटांत पडली. नानाजीच्या वरणातही एक पडलं. त्याने ते बोटाने बाजूला केलं आणि पुढे जेवला, पण त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही. मला भीती वाटली. सरळ भीतीच.

दिवाळीच्या तोंडावर नानाजी कपाशीत चक्कर येऊन पडला. यवतमाळला दवाखान्यात नेलं. बीपी वाढलं होतं, गोळ्या सुरू झाल्या, चार दिवसांनी माणूस घरी आला. डॉक्टरांच्या लेखी प्रकरण मिटलं. वहिनी मात्र दुसऱ्याच दिवशी एकटी आर्णीला माझ्याकडे आली. नवं हिरवं लुगडं, हातभर चुडा, कुंकू नेहमीपेक्षा मोठं.

“बाई, फोटूवाल्याकडं चाल. मले फोटू काढाचा हाय.”

“कायले?”

“भिताडावर लावाले.”

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिला नको नको ते बोलले. तुह्यं डोकं फिरलं, तू पोराच्या घरात यम बोलावून राह्यली, असं सगळं. 

“यम तं आलाच हाय, बाई. एका मानसाची जागा रिकामी हाय तिथं. माह्या डोळ्यानं मी रोज पाहून राह्यली. त्यायच्या आधी मी. मले अहेव जाऊ दे.”

सवाष्णपणी मरण यावं, हे आमच्याकडच्या बायका हळदीकुंकवाला सहज मागतात. हातात बत्तासे असतात, मागून झालं की घरी जातात. वहिनीने ते खरंच मागितलं होतं.

फोटो तयार होऊन आल्यावर तिने तो स्वतःच्या हाताने त्या पहिल्या, रिकाम्या खिळ्यावर लावला. “जोडी छान दिसते, आई,” वैष्णवी म्हणाली. नानाजी फोटोजवळ गेला आणि म्हणाला, “तू कायले आली इथं?” वहिनी म्हणाली, “तुमी होते म्हून.” त्या दिवसापासून तिने खुर्ची सरळ केली. दक्षिणेकडे तोंड करून पोटभर जेवायला लागली. तिला तसं निवांत जेवताना पाहून मीच अर्ध्या ताटावरून उठायची.

माघात, तूर घरी आली त्या दिवसांत, दुपारी ताटं आवरता आवरता ती भिंतीला टेकून खाली बसली. अंकुर गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं दोन-तीन महिन्यांपासून असणार, कळ आल्याशिवाय राहिली नसेल, कुणाला सांगितलं नव्हतं का? नानाजी म्हणाला, “जेवताना छाती दाबाची. इचारलं तं गॅस हाय म्हने. अन् हसाची.”

मी मुहूर्त मानत नाही, यमही मानत नाही. पण कळ आल्यावर ती का हसली, हे मला कळतं. तिला वाटलं असेल, आपलं मागणं ऐकलं गेलं. एका गोळीने राहिली असती बाई. चित्राने तिला मारलं नाही, पण त्याच्यासमोर बसून ती गप्प राहिली. याचा राग कुणावर काढावा, ते मला अजून समजत नाही.

तेरवीला उकंडामामा आले. खोलीत शिरले, दोन्ही फोटोंकडे पाहिलं आणि घाबरून हात मागेच धरून उभे राहिले. वैष्णवी हार घेऊन आली, एकच. नानाजी उठला. त्याने स्वतःचं चित्र उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवलं. मग मामांना म्हणाला, “आता जोडा हात. आता बरोबर हाय.” वैष्णवी रडायला लागली, तिला मी जवळ घेतलं.

पाहुणे गेल्यावर नानाजी जेवायला बसला तो वहिनीच्या खुर्चीवर, तोंड दक्षिणेला. समोर खिडकीच्या बाजूला हार घातलेली इंदूबाई आणि टेबलाच्या मधोमध मोकळा खिळा. अंकुर पक्कड घेऊन आला. “बाबा, हा आत्ताच काढून टाकतो. प्लास्टर गेलं तर जाऊ दे.”

“राहू दे,” नानाजी म्हणाला. “तिच्या बाजूचा हाय तो. मलेच लागन.”

अंकुरने माझ्याकडे पाहिलं. मी भांडेन असं त्याला वाटलं असावं. मी नानाजीच्या ताटात भात वाढला.