बिडीपुरतं बसणं

आमच्या विहिणीएवढ्या ऐटीत बिडी पिणारी बाई अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायची नाही, आणि सापडलीच तर ती हिच्याकडूनच शिकलेली असेल. माझ्या सुनेची माय ती, शेजारच्याच गावची. दुकानातल्या बिडीच्या कट्ट्याला हात लावत नाही. तेंदूचं पान स्वतः कापून स्वतः वळलेलीच बिडी पिणार. नागऱ्याला शंकराच्या दर्शनाला गेलो, तर अर्धी बिडी विझवून चपलेत ठेवून आत गेली, आणि बाहेर येऊन आधी बिडी शोधली, मग चपला. बस सुटायला आली तरी हिची बिडी संपत नाही. कंडक्टर ओरडला की म्हणते, "पळून चालली का तुही बस? थांब नं बापा." माझ्या पोराच्या लग्नात तर हद्द केली. मी व्याही म्हणून ताठ बसलेलो, अन् हिनं भर मांडवात माझ्यापुढं बिडी धरली. "घ्या जी ईवाई, आमच्याकडून मानपान एवढाच हाये." सारा मांडव हसला. सगळ्यात जास्त हसली माझी बायको.

हिला बिडी लागली कशी, तेही ऐका. धानाची रोपं लावायची, त्या रोवण्यात गडीमाणसं बिडी प्यायला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसायची, त्यांना कोणी काही म्हणत नसे. बायांनी मात्र चिखलात वाकूनच राहायचं. बाई नुसती बसली की आळशी ठरायची. नवी नवरी असताना हिची कंबर मोडून आली, तशी ही सरळ धुऱ्यावर चढली, सासऱ्याच्याच कट्ट्यातली बिडी घेतली आणि पेटवली. "मी बी बिडी पिऊन राहिली. आता बोला." मग गावातल्या कितीतरी बाया बिडी प्यायला लागल्या. तंबाखूची हौस कोणाला होती? कंबर सरळ करायची होती.

मागच्या साली माझी बायको तापानं गेली. तेव्हापासून विहिणीचा खोकला ऐकला की मला बायकोच आठवायची. डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगितलं, बिडी सोडा, नाहीतर वाचायच्या नाही. लेक रडली, तरी ही ऐकेना.

मी म्हटलं, "एक गेली, आता तुमी बी निघाल्या का? कायले पिता?"

"बिडी सोडली त मले बसू कोन देईन?"

"म्हातारपणी तुमाले उठवते कोन? मरून बसान काय?"

तिनं हातातली बिडी न पेटवताच परत कनवटीला खोचली.

यंदा रोवण्याला ती आमच्या धानाच्या बांधीत आली. आताची पोरं बिडी पीत नाहीत, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून उभ्याउभ्या काम करतात. सुनेच्या वयाच्या बाया तर बिडीला शिवतही नाहीत. हे चांगलंच झालं, पण त्यामुळे बसतही कोणी नाही. दुपारी विहीण धुऱ्यावर चढली, पाय पाण्यात सोडले. हात रिकामे.

"बिडी कुठं हाये?"

"सोडली."

"मंग बसल्या काऊन?"

"कंबर दुखते म्हून बसली. बसाले बिडी कायले पायजे?" आणि तिनं बायांना हाक मारली, "या वं पोरीहो, टेका जराशा!"

एक आली, मग दुसरी. सून माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी म्हटलं, "बस नं, पाहून कायले राहिली?" सारी रांग धुऱ्यावर बसली. धान काही पळून गेलं नाही.

त्यानंतर एकही बिडी प्यायली नाही, असं ती म्हणते. मी काही तोंडाचा वास घ्यायला गेलो नाही. पण खोकला कमी झाला, हे कानानं ऐकतो.

माझ्या बायकोला बिडीचा वास चालत नसे. त्यामुळे रोवण्यात ती कधी बसली, असं मला आठवतच नाही. आता बाया धुऱ्यावर बसून पाय हलवत हसतात, तेव्हा मी जरा दूर उभा राहून बघतो. ती असती तर विहिणीच्या बाजूलाच बसली असती. आणि एकदा बसली असती, तर सगळ्यात शेवटी उठली असती.