पाणी लागलेला फोटो
रेझिनची बाटली उघडली की त्या उग्र वासाबरोबर मला एक बाई आठवते. कट्टा गावच्या बाजारात, माझ्या फोटो मढवायच्या दुकानासमोर ती मासे विकते. होडीवरून परत न आलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो, तोही कुणाच्या तरी मोबाईलवरून छापून घेतलेला, तिने एकदा माझ्याकडे दिला. लाकडी फळीवर चिकटवून काचेसारखा करून हवा होता. अशा कागदावर आधी गोंदाचा थर देऊन तो पुरता सुकू द्यावा लागतो, नाहीतर रेझिन आत झिरपतं. मला घाई होती, मी तसंच ओतलं. सकाळी बघतो तर चेहऱ्यावर तेलकट काळपट डाग पसरलेले, नाकडोळे ओळखू येईनात. ती आली तेव्हा मी बेधडक म्हणालो, “फोटोक आधीच पाणी लागलला आसा, वयनी.” तिने फळी हातात घेऊन डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “माझेच हात सदा वले रे. तू तरी काय करतलस?” आणि फळी पदराखाली धरून गेली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. अजूनही मला मासे देताना ती आधी दोन्ही हात पदराला कोरडे पुसते, आणि मी पिशवी पुढे करतो.