घोट्याजवळ दोन पीळ

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार दशरथ काष्टी स्टेशनवर उतरला आणि सजवलेली जीप समोर उभी असताना घरापर्यंत चालत गेला. मी त्याच्यासोबत होतो.

दशरथ माझा कॉलेजातला मित्र. त्याची नोकरी नगरच्या छावणीत संपली. गेल्या वर्षी डोंगरातल्या एका ठाण्यावर त्याचा उजवा घोटा मोडला होता. हाड जुळलं. चालायला हरकत नाही, घोट्याला आधार मात्र हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावात वेगळी बातमी पोचली: पाय निकामी झाला म्हणून फौजेने घरी पाठवलं. थोरल्या बहिणीने, सुमनआक्काने, ती त्याला फोनवर रडत सांगितली होती. स्टेशनपासून वाडीपर्यंत सगळ्यांच्या देखत, न लंगडता चालायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

नगरहून पॅसेंजर सुटली तेव्हा धुकं होतं. स्टेशनचे दिवे पिवळे ठिपके होऊन मागे सरकले. नंतर झाडं आली, तीही अर्धीच; बुंधे होते, शेंडे नव्हते. विसापूरनंतर ज्वारी दिसू लागली. समोरच्या बाकावरच्या मावशींनी पदरातली पुरचुंडी सोडली आणि आम्हाला मूठ मूठ हुरडा (ज्वारीचे कोवळे, भाजलेले दाणे) दिला. तो अजून कोमट होता. डब्यात धुराचा आणि दुधाचा मिळून एक वास पसरला.

दशरथने पायातले उंच काळे बूट काढले आणि नाड्या पहिल्या भोकापर्यंत सैल केल्या. नगरला घाईत बांधलं होतं, म्हणाला. पाय आत घातल्यावर त्याने टाच जमिनीवर आपटून मागे बसवली. बुटाची जीभ सरळ केली. बोटांवरची नाडी सैल ठेवली. आत बोटं हलली पाहिजेत. पावलाचं हाड जिथे वर येतं तिथलं एक भोक त्याने मोकळं सोडलं, नाडी तिरपी न नेता सरळ वर घेतली. घोटा वळतो तिथे दोन्ही टोकं एकमेकांभोवती दोनदा पिळली आणि ओढली.

"हा पीळ कुलूप आहे," तो म्हणाला. "खालचं सैल राहतं, वरचं घट्ट. टाच उचलत नाही."

"पोटरीवर?"

"एक बोट जाईल एवढं. त्याहून आवळलं तर पाय बधिर होतो."

टोकांची गाठ मारून त्याने ती बुटात खोचली. मावशी हे सगळं बघत होत्या.

"आरं बाबा, येवढं बांधस्तवर दुश्मन च्या पिऊन जाईल की."

"म्हणून तो यायच्या आधी बांधायचं, मावशी."

"मंग आता कोन यायलंय?"

दशरथ हसला. "गाव."

श्रीगोंदा रोडनंतर ऊस सुरू झाला. तुरे आले होते. धुक्यावर फक्त तुरेच दिसत होते, राखी, एका बाजूला कललेले, आणि गाडी त्यांच्यावरून तरंगत चालल्यासारखी वाटत होती. कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबट वास आला आणि बराच वेळ राहिला.

काष्टीला धुकं विरळ झालं होतं. परतलेल्या फौजीची उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची इथे रीत आहे. जीपला झेंडूचे हार होते, पुढे हलगीवाले होते. ड्रायव्हर बाळू दशरथचा वर्गमित्र. दशरथ चालत निघाला तसा तो जीप घेऊन मागून आला.

"फौजी, बस की लेका! मोकळ्या जीपला हार घातल्यात. लोक म्हनतील जीपच रिटायर झाली."

"तिलाही आराम पाहिजेच, बाळ्या."

वाट चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) कडेने होती. पाणी हलत नव्हतं. त्यात हलगीवाले, जीप आणि दशरथ उलटे चालत होते. त्याची पावलं सारखी पडत होती.

वाडीच्या तोंडाशी, मारुतीसमोर, आक्का आरती घेऊन उभी होती. बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं असतं. तिने कळशी उचलली आणि बुटांसकट दोन्ही पायांवर रिकामी केली. दशरथने तिला थांबवलं नाही. ओवाळून झालं, हलगी वाजली, तो निघाला.

पिठाच्या गिरणीपाशी त्याचा उजवा पाय बुटात घसरला. नाडी गुळगुळीत नायलॉनची होती. भिजल्यावर गाठ सरकली आणि पीळ ढिला पडला होता. तो पडला नाही, पण वाकडा झाला. गिरणीच्या ओट्यावरून एक म्हातारा बोलला, "पाय गेलाय म्हनत्यात ते खरंच हाय वाटतं."

हलगी थांबली. आक्काने दशरथचा दंड धरला.

"जीपमदी बस. माझी आन हाय तुला."

"आक्का, हात सोड."

"लोकं बगत्यात रं."

"बघू दे. त्यासाठीच चाललोय."

तो ओट्यावर, त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसला आणि नाडी सगळी बाहेर काढली. आक्का क्षणभर उभी राहिली. मग खाली बसली, नाडी त्याच्या हातातून घेतली आणि पदरात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली, पुन्हा पुसली. म्हातारा सरकून बसला. दशरथने टाच आपटली, जीभ सरळ केली, एक भोक सोडलं. या वेळी घोट्याजवळ तीन पीळ दिले. वर त्याने निरगाठ मारली. सगळी गल्ली बघत होती. गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता आणि दारातून पीठ उन्हात उडत होतं.

"काकडआरतीला बी येवढा येळ लागत न्हाई," बाळू जीपमधून म्हणाला.

दशरथ उठला. हलगीवाल्यांना वाजवायला कोणी सांगितलं नाही. घर येईपर्यंत बुटांचा आवाज ऐकू येत होता. पाय पुन्हा घसरला नाही.

दारात निरगाठ सुटेना. आक्काने ती दाताने सोडवली. बूट निघाल्यावर तिने घोटा अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहिला. नाडीचे वळ होते. सूज नव्हती.

जेवणात शेंगोळे (कुळथाच्या पिठाची रश्शातली वेटोळी) होते. दुपारच्या गाडीने मी परतलो. दशरथ मला पोचवायला स्टेशनपर्यंत चालत आला. जीप बरोबर नव्हती. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.