पेटीतलं हळदीचं गाणं

मॉरिशसमधल्या व्हाकोआ गावातल्या आमच्या शेजारच्या काकी हळदीचं गाणं हळदीलाच म्हणत. एरवी कुणी नुसतं गुणगुणलं तरी खेकसत, “गप! हळद कुठाय?”

ताईच्या हळदीला दादाने त्यांचं गाणं नव्या टेपरेकॉर्डरवर घेतलं आणि पुढे एकदा त्या चहाला आल्यावर हौसेने लावलं. स्वतःचाच आवाज ऐकून काकींच्या हातातली बशी पडली.

“आयो बोंद्ये, देवा! बंद कर ती पेटी!”

“काकी, हे कधीही गातं,” दादा हसला.

पांढऱ्याफटक पडलेल्या काकींनी आमच्या स्वयंपाकघरात हळद कालवली आणि त्या यंत्रालाच लावली. “गाणं झालं, आता हळद लागलीच पायजे.”

माझ्या लग्नाआधीच त्या वारल्या. माझ्या हळदीला दादाने तीच फीत लावली. काकींचा खणखणीत आवाज आला आणि गेलेल्या बाईच्या गाण्यावर हळद लावायला जमलेल्यांपैकी एकीचाही हात वाटीकडे जाईना.