पोस्टरवरचा तीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता वणीत सगळीकडे फ्लेक्स लागतात, माझा ब्रश केव्हाच सुटला. तरी टॉकीजसमोरून जाताना मान खाली जाते. कशाची एवढी लाज? सांगतो — जरा दमानं सांगू द्या.

मी हिंदी सिनेमाचे बोर्ड रंगवायचो. मुंबईहून छोटं पोस्टर यायचं, त्यावर चौकोन आखून तेच वीस फुटी करायचं. हिरोचे गाल गुलाबी, व्हिलन हिरवट, आणि कॅबरेवालीचं सगळंच भडक — आमचा रिवाजच तो. लोक मान वर करकरून बघायचे. डोक्यात हवा गेली होती, म्हणा ना.

एकदा एका खाजगी शाळेच्या भिंतीवर मी 'विद्यार्थि' लिहिलं, पहिली वेलांटी. तिथल्या कुंदा मॅडमनी पोरांसमोर चूक दाखवली. पोरं हसली. एवढंच. एवढ्याशा गोष्टीचा कुणी डूख धरतं का? मी धरला.

पुढच्या सिनेमात कॅबरेवाली होती — उघडी पाठ, बोटांत सिगारेट. तिला मी मॅडमचा चेहरा दिला. कुणाला शंका राहू नये म्हणून हनुवटीवर त्यांचा तीळही काढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यामागे शिट्ट्या सुरू झाल्या. पालक तक्रार घेऊन शाळेत गेले — जणू मॅडम खरंच सिनेमात नाचत होत्या!

मग त्या माझ्याकडे आल्या. भांडायला नाही.

"पेंटर भाऊ, मले शाळेतून काढतो म्हणून राह्यले. तेवढा तीळ पुसून द्या ना."

"पोस्टरात हाये तसंच काढलं मॅडम," मी म्हणालो. मुंबईच्या पोस्टरात तीळ नव्हता.

त्यांनी हात जोडले. मी बरं म्हणालो, शिडी लावली, चढलो. त्या पलीकडे पानठेल्याजवळ थांबल्या. त्यांना हायसं वाटलेलं वरूनही दिसत होतं. खाली माणसं जमली होती. आणि मी — कसं सांगू? — लाल रंगाचा डबा उघडला. ओठ आणखी भडक केले.

खालून टाळ्या पडल्या. मॅडम पदर ओढून निघून गेल्या, आणि महिन्याभरात त्यांची नोकरी गेली.

टाळ्या ऐकून मी हसलो होतो. ते त्यांनी पाहिलं होतं.