कांबळ्यांच्या नावाची ओळ

"बाई, हे मी लिहिलंय का?"

कांबळे कारखान्यातून सुटून थेट प्रेसमध्ये आले होते. डब्याची पिशवी खांद्यालाच होती. त्यांनी एक पुस्तक माझ्यासमोर धरलं. कव्हरवर खंजीर, मागे पळणारी बाई, खाली लेखकाचं नाव: कॅप्टन दीक्षित. मी पहिलं पान वाचलं, मधलं एक वाचलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमचा इन्स्पेक्टर चहा पितो. हा व्हिस्की पितो आणि वर शिट्टी वाजवतो. हे तुमचं नव्हे."

"मलाही तसंच वाटलं. पण म्हटलं, खात्री करून घ्यावी. इतकी झालीत की माझी मलाच आठवत नाहीत."

कॅप्टन दीक्षित म्हणजे शांताराम धोंडू कांबळे. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, राहायला बदलापूरला शिरगावात. सैन्याशी संबंध म्हणाल तर शून्य. महिन्याला एक रहस्यकादंबरी, असं दहाएक वर्षं चाललं होतं. पहिल्या कादंबरीवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. ते आमच्या प्रकाशकांनी, भाऊसाहेबांनी, लाल पेन्सिलीने खोडलं. "खंडाळ्याच्या बंगल्यातला खून, आणि लेखक कांबळे? लोक हात लावणार नाहीत," असं म्हणून बाजूला 'कॅप्टन दीक्षित' लिहिलं. कांबळ्यांना छापून यायचं होतं, ते गप्प बसले. मी असते तर बसले नसते, असं म्हणायला आज माझं काय जातंय!

खंडाळा तरी त्यांनी कुठे पाहिला होता? त्यांचे सगळे बंगले म्हणजे जवळच्या जांभूळ गावातलं पाणी शुद्ध करायचं केंद्र. तेच फाटक, तीच टाकी, तोच उतार. फक्त धुकं वाढवायचे.

आमची प्रेस उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. मालक लछूशेठ, सिंधी. लग्नपत्रिका, बिलबुकं, पापडाची लेबलं आणि मुंबईहून येणाऱ्या भाऊसाहेबांच्या कादंबऱ्या असं सगळं छापायचो. मी कंपोझिटर. म्हणजे शिशाचा एकेक खिळा, त्यावर एकेक अक्षर, ते वेचून वेचून ओळ जुळवायची. अक्षरं उलटी असतात. सवय झाली की माणूस उलटंच भराभर वाचतो. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की म्हणूनच मला सरळ बोललेलं कळत नाही.

सोळा पानांचा एक फर्मा. एवढी पानं एकदम मशीनवर चढतात. कादंबरी आठ फर्म्यांची. पण पूर्ण पुस्तकाला पुरतील इतके खिळे आमच्याकडे कुठले! एक फर्मा जुळवायचा, छापायचा, मग खिळे सोडून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि पुढचा जुळवायचा. कांबळेही तसेच लिहायचे. दुसरा फर्मा मशीनवर, तेव्हा तिसरा त्यांच्या पिशवीत. त्यामुळे मागे जाऊन खोडायची सोय नाही. एकदा छापून मेलेला माणूस मेला.

एकदा त्यांनी पहिल्या फर्म्यात मारलेला काका पाचव्यात चहा प्यायला आणून बसवला. मी ओरडले. मग काकाला जुळा भाऊ काढावा लागला. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. कोण मेला, कोणाला मिशी, कोण लंगडतो, कोणाच्या गाडीचा रंग काय. कांबळे यायचे आणि आधी विचारायचे, "बाई, ड्रायव्हरचं नाव काय ठेवलंय मी?" मी वही बघून सांगायची.

तर त्या दिवशी त्यांनी ते पुस्तक पिशवीत टाकलं आणि स्टुलावर बसले.

"दुसऱ्याला दिलं बघा नाव. मला विचारलं पण नाही."

"भाऊसाहेबांना फोन लावा ना."

"लावतो. पण बाई, उद्या मी मेलो तरी कॅप्टन दीक्षित लिहीतच राहणार की हो." मग म्हणाले, "पोरगी कॉलेजला जाते. मैत्रिणीला म्हणाली, माझे पप्पा कादंबऱ्या लिहितात. ती म्हणाली, दाखव की नाव. काय दाखवणार? मला एका पुस्तकावर माझं नाव पाहिजे. एकाच. तेवढं जुळवून दाखवता?"

मी मोठ्या काळ्या टाइपात जुळवलं. शांताराम धोंडू कांबळे. रद्दी कागदावर प्रूफ काढून दिलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. नियमाप्रमाणे ओळ सोडायला हवी होती. जी ओळ दर महिन्याला लागते तीच आम्ही सुतळीने बांधून ठेवत असू. 'कॅप्टन दीक्षित' अशीच बांधलेली होती, कायमची. मी कांबळ्यांची ओळ बांधली आणि तिच्या शेजारी ठेवून दिली.

लछूशेठच्या टेबलावरून फोन लागला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"ते नाव माझं आहे, कांबळे. मी घडवलंय. कोणाला द्यायचं ते मी बघीन."

"मग मला माझं द्या."

"पुन्हा तेच? लिहायचंय ना तुम्हाला? नसेल तर तसं सांगा. लिहिणारे पुष्कळ आहेत."

चालू कादंबरीचे सात फर्मे छापून झाले होते. आठवा राहिला होता. खुनी कोण ते आठव्यात येणार होतं, आणि ते फक्त कांबळ्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आठवा फर्मा माझ्या नावाशिवाय मिळणार नाही." आणि फोन ठेवला. मिळालं तर नाव मिळणार होतं, नाही तर लिहिणंच कायमचं सुटणार होतं. मला त्यांची काळजी वाटली आणि, खरं सांगते, अभिमानही वाटला.

लछूशेठला वेगळीच चिंता. "साईं, सात फर्म्यांचा ढीग पडला आहे, चलायला जागा नाही! नाम कोई भी लिखो ना, अपने को क्या? छापो और निकालो!"

आठवड्याने मुंबईहून पाकीट आलं. शेवट त्या दुसऱ्या लेखकाने, व्हिस्कीवाल्याने, लिहून दिला होता. पाठोपाठ भाऊसाहेबांचा फोन. या वेळी मला.

"सुमनबाई, तुमच्याकडे म्हणे एक वही असते. सगळी पात्रं त्यात असतात. पाठवून द्या, जरा ताडून बघतो."

"ती कांबळ्यांच्या कामाची वही आहे. त्यांना विचारून देते."

"अहो, प्रेस कोणाच्या कामावर चालते?"

"प्रेस तुमच्या. वही त्यांच्या," मी म्हटलं. लछूशेठने कपाळावर हात मारून घेतला.

मी कंपोझ करायला घेतलं. तिसऱ्या पानावर आले आणि माझा हात थांबला. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो आणि म्हणतो, खून चौकीदाराने केला. दोन्ही हातांनी गळा आवळून.

चौकीदाराचा उजवा हात दुसऱ्याच फर्म्यात कापला गेला होता. सबंध कादंबरीभर तो बिचारा एका हाताने फाटक उघडत होता. व्हिस्कीवाल्याने मागचे फर्मे नुसते चाळले असावेत.

मी लपवलं नाही हं. लगेच फोन केला. "भाऊसाहेब, चौकीदाराला एकच हात आहे."

"बाई, तुम्ही खिळे जुळवा. लेखक तुम्ही नाही. कॉपीत आहे तसं जाऊ द्या."

कॉपी म्हणजे लेखकाचा हस्तलिखित मजकूर. कॉपीत आहे तसंच जुळवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आयुष्यात मी तो इतक्या आनंदाने कधीच पाळला नाही. एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

पुस्तक बाजारात गेलं. पंधरा दिवसांत कॅम्पातल्या लायब्ररीवाल्याने आपल्या प्रती आणून लछूशेठच्या टेबलावर आपटल्या. "मेंबर लोग मेरे पे हसते हैं!" भाऊसाहेबांकडे पत्रांचा पाऊस. एकाने जोडकार्ड पाठवलं होतं: 'चौकीदारास दुसरा हात कोठून आला ते कृपया उलट टपाली कळवावे.' उत्तराचं कोरं कार्डही जोडलेलं.

मग भाऊसाहेब स्वतः उल्हासनगरला आले. कांबळ्यांना निरोप गेला. ते ड्यूटी संपवून, चहा पिऊन, सावकाश आले.

"बोला कांबळे, खून कोणी केला?"

"डॉक्टरने. चौकीदाराचा हात त्यानेच कापला होता, गरज नसताना. पान पंचवीसवर आहे. मी तो हात उगाच नव्हता तोडला."

भाऊसाहेबांनी पान पंचवीस उघडून वाचलं. पुस्तकवाला माणूस होता शेवटी, गोष्ट कळायची त्यांना. "लिहून द्या. आपण खरा शेवट म्हणून वेगळा फर्मा छापू, पुस्तकाबरोबर फुकट वाटू."

"नाव?"

"कव्हरं छापून झालीयत."

"फर्म्यावर घाला."

"बरं. शां. धों. कांबळे चालेल?"

"नाही. पूर्ण. वडिलांसकट. ते अंगठा उठवायचे, भाऊसाहेब. त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सुतळीने बांधलेली ओळ आणून टेबलावर ठेवली. "जुळवलेली आहे," मी म्हटलं. "वेळ लागणार नाही."

सोळा पानं निघाली. लायब्रऱ्यांनी ती खळ लावून पुस्तकांच्या शेवटी चिकटवली. पुढल्या महिन्यापासून कव्हरवरही तेच नाव येऊ लागलं, आधी बारीक, मग मोठं. कांबळे हे नाव वाचून पुस्तक परत केलं असा एकही वाचक आम्हाला भेटला नाही. दहा वर्षं भाऊसाहेब घाबरत होते ते ह्या कधीच न घडलेल्या गोष्टीला!

पुढे घरोघरी केबल आली, लायब्रऱ्या बसल्या, कादंबऱ्याही थांबल्या. लछूशेठने खिळे न लागणारं ऑफसेट मशीन घेतलं आणि खिळे भंगारात काढले. पोती वजनकाट्यावर चढायच्या आधी मी ती ओळ काढून घेतली आणि रविवारी शिरगावला गेले.

कांबळे रिटायर झाले होते. ओळ हातात घेऊन म्हणाले, "उलटं आहे हो, वाचता येत नाही."

"मला येतं," मी म्हटलं.

त्यांची मुलगी तोवर बँकेत लागली होती. तिने घरातलं स्टँपपॅड आणलं. कपाटातून जुने कॅप्टन दीक्षित काढून जमिनीवर मांडले आणि ओळ शाईवर दाबून प्रत्येकाच्या पहिल्या पानावर उमटवू लागली. दीक्षितांच्या खाली, जरा तिरकं, शांताराम धोंडू कांबळे. कांबळे खुर्चीतून नुसते बघत होते. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

एका पुस्तकापाशी मात्र ते एकदम म्हणाले, "थांब, थांब! ह्याच्यावर नको. ह्याच्यातला व्हिस्की पितो."

तिने ते पुस्तक बाजूला ठेवलं.

नियम असा होता की काम झालं की खिळे सोडायचे. तीस वर्षं मी तो पाळला. एकदाच मोडला, तेवढंच काम माझ्या लक्षात राहिलंय.